जपानचा हनिमून: आधी ताट ठरवा, मग तिकीट काढा

जपानला हनिमूनला निघालेली बहुतेक मराठी जोडपी एकाच क्रमानं तयारी करतात. आधी विमानाची तिकिटं, मग हॉटेलं, मग बघायच्या जागांची यादी. जेवणाचं काय? तर 'तिथे गेल्यावर बघू'. जपानमध्ये हाच क्रम अंगाशी येतो. तिथल्या रिओकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पाहुणघरांत, आणि देवळातल्या मुक्कामात रात्रीचं जेवण खोलीच्या भाड्यातच धरलेलं असतं. पाहुणे मोजून सामान आणलेलं असतं, आणि कोणाच्या ताटात काय जाणार हे काही दिवस आधीच ठरलेलं असतं. ताट समोर आल्यावर 'मी मासे खात नाही' म्हटलं तर स्वयंपाकघराच्या हातात फारसं काही उरत नाही. नव्या नवरीला मग भात आणि लोणच्यावर भागवावं लागतं, तेही सगळ्या ट्रिपमधल्या सर्वांत महाग जेवणाच्या रात्री.

म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं करा. दोघांपैकी एक जरी शाकाहारी असेल, तरी क्रम मोडू नका.

## टप्पा १: तारखा

आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि मे महिन्यापर्यंत धडाका चालतो. यातले काही आठवडे जपानसाठी अडचणीचे असतात.

२९ डिसेंबर ते ३ जानेवारी या दिवसांत तिथे नववर्षाची सुट्टी असते. छोटी, घरगुती हॉटेलं बहुतेक बंद असतात, आणि तुम्ही ज्या जेवणासाठी जाणार तेच मिळत नाही. २९ एप्रिल ते ५ मे हा 'गोल्डन वीक'. सगळा देश फिरायला निघतो, रिओकान भरलेली आणि दर चढलेले असतात. लग्न मेच्या सुरुवातीला असेल तर ८-१० तारखेनंतर निघा. मेचा उरलेला महिना हवेला छान असतो. मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात हा साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा काळ आणि नोव्हेंबरचा शेवट म्हणजे क्योतोतल्या लाल पानांचा. दोन्ही सुंदर, दोन्हीला गर्दी. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारी. थंडी असते, पण गरम पाण्याच्या कुंडात बसायला थंडीच हवी. रिओकानही त्या मानानं सहज मिळतात.

तपासा: रिओकानची रात्र शनिवारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी येऊ देऊ नका. रविवार ते गुरुवार तीच खोली बरीच स्वस्त पडते.

## टप्पा २: आहार कागदावर लिहा, दोघांचा वेगळा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे वेळ द्या.

नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. समोरचा माणूस मांस वगळतो, पण माशाचा अर्क तसाच राहतो. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, एक पातळ, स्वच्छ रस्सा. तो बहुतेक वेळा कात्सुओबुशीपासून, म्हणजे वाळवून-धुरवून लाकडासारख्या कडक केलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. कधी निबोशी, म्हणजे सुक्या छोट्या मासळीपासून. हा रस्सा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपमध्ये असतो, नूडल्सच्या रश्शात असतो, शिजवलेल्या भाजीत असतो, तेम्पुराबरोबरच्या (तेम्पुरा म्हणजे जपानी भजी) वाटीतल्या पाण्यात असतो. थंड सोबा नूडल्स नुसत्या पिठाच्या, पण त्या ज्यात बुडवायच्या त्या सॉसमध्ये मासा. इनारी सुशीत भात आणि तळलेला तोफू, पण तोफू शिजवलेला दाशीत. कोम्बु या समुद्री शेवाळाचं किंवा सुक्या शिताके अळंबीचं दाशी मात्र पूर्ण शाकाहारी असतं.

त्यामुळे प्रत्येकाच्या नावापुढे या प्रश्नांची उत्तरं लिहा:

- मासे, कोळंबी, खेकडे, शिंपले: चालतात की नाही?
- माशाचं दाशी: चालतं की नाही? (तुकडा नको पण रस्सा चालेल, असं असेल तर तसं लिहा. जेवणाचे पर्याय एकदम खूप वाढतात.)
- अंडं आणि दूध?
- गोमांस आणि डुकराचं मांस?

शेवटचा प्रश्न चिकन-मटण खाणाऱ्यांसाठी. रामेन नूडल्सचा रस्सा अनेकदा डुकराच्या हाडांचा असतो, ग्योझा या मोमोसारख्या पदार्थाच्या सारणात डुकराचं मांस असतं, आणि जपानी करीच्या तयार मसाल्यात प्राण्यांची चरबी सर्रास असते. मेनूवर ओळखायचे शब्द तीन: ग्युनिकु गाईचं, बुतानिकु डुकराचं, तोरिनिकु कोंबडीचं. कोकणातल्या मासे खाणाऱ्या जोडप्याला मात्र जपान फार सोपं आहे. त्यांनी एवढी काळजी करायची गरज नाही.

आता या उत्तरांचं जपानी लिपीत भाषांतर करून दोन छोटी कार्डं छापून घ्या, एक त्याचं आणि एक तिचं. जपानी शिकलेल्या कोणाकडून तरी वाचून घ्या. पुण्या-मुंबईत असे लोक सहज सापडतात. तोंडी सांगायला दोन वाक्यं पुरतात: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन' (मांस आणि मासे खात नाही) आणि 'कात्सुओ दाशी मो ताबेमासेन' (माशाचं दाशीही खात नाही).

सावध: ॲलर्जी नसताना ॲलर्जी आहे असं सांगू नका. तिथे ॲलर्जी फार गंभीरपणे घेतात, आणि धोका नको म्हणून अनेक ठिकाणी तुम्हाला वाढायलाच नकार देतील.

## टप्पा ३: जेवणासकट असलेले मुक्काम आधी धरा

पूर्ण ट्रिपमध्ये असे मुक्काम दोनच ठेवा, एक रिओकान आणि एक देऊळ. बाकी रात्री साध्या हॉटेलात. रोज रिओकान परवडत नाही, आणि रोज दोन तास चालणारं जेवण झेपतही नाही.

रिओकान. हाकोने तोक्योपासून जवळ, शिन्जुकूहून रोमान्सकार गाडीनं दीड तासाच्या आत. दर साधारणपणे माणशी सांगतात, खोलीमागे नव्हे. जेवणासकट दराला 'इप्पाकु निशोकु' म्हणतात, एक रात्र आणि दोन जेवणं. पैसे भरण्याआधी ईमेल करा आणि मोघम लिहू नका. 'दोन पाहुणे. एक पूर्ण शाकाहारी: मांस, मासे, कोळंबी-खेकडे, माशाचं दाशी चालत नाही, अंडं आणि दूध चालतं. दुसऱ्याला गोमांस सोडून सर्व चालतं. हे शक्य आहे का?' अशा थेट प्रश्नाला रिओकान प्रामाणिक उत्तर देतात. 'नाही' आलं तर वाईट वाटून घेऊ नका, पुढचं रिओकान बघा. 'माशाचा तुकडा नसेल, पण दाशी असेल' असंही उत्तर येतं, तेव्हा ठरवायचं तुम्ही.

देऊळ. शाकाहारी जोडप्यानं कोयासान अजिबात चुकवू नये. वाकायामातल्या या डोंगरावर पन्नासच्या आसपास देवळं पाहुण्यांना मुक्काम देतात. त्याला शुकुबो म्हणतात. तिथलं शोजिन र्‍योरी हे भिक्षूंचं जेवण: मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही, दाशी कोम्बु आणि शिताकेचं. इथे काही समजावून सांगावं लागत नाही. तिळाची पेस्ट आणि कुझू या वेलीच्या मुळाचं सत्त्व एकत्र घोटून केलेला गोमा-दोफू आधी खा. चॉपस्टिक लावली की थरथरतो, तोंडात घातला की तिळाचा दाट स्वाद आणि वर वासाबीची चुणूक. जैन वाचकांसाठी एक गोष्ट: यात मुळा, रताळं, कमळकाकडी, गोबो अशी जमिनीखालची कंदमुळं भरपूर असतात. चालत नसतील तर हेही आधी कळवा.

ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वेनं गोकुराकुबाशी, तिथून केबल कार, मग बस. रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच असतं, त्यामुळे दुपारीच पोहोचा. डोंगर आठशे मीटरच्या वर आहे, खोल्या जुन्या आणि थंड असतात, नहाणीघर बहुधा सामायिक. सकाळची प्रार्थना सहा-साडेसहाला. तिला बसा.

तपासा: दोन्ही ठिकाणांहून आहाराबद्दलचं लेखी उत्तर आलं का? आलं नसेल तर पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा ४: तिकीट, नाव, व्हिसा

तोक्योला उतरा आणि ओसाकाहून परत फिरा. परतीसाठी पुन्हा तोक्योला जाण्यात अर्धा दिवस आणि दोघांचं बुलेट ट्रेनचं भाडं वाया जातं.

लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर ते परतल्यावर करा. पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं माहेरच्याच नावानं. सासरच्या नावानं काढलेलं तिकीट विमानतळावर अडतं.

भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो; अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रामार्फत होतो. एक प्रवेशाचा व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो, म्हणून साखरपुड्यालाच अर्ज करून मोकळं होण्याचा विचार करू नका. निघण्याच्या सहा-आठ आठवडे आधी करा. रोजचा कार्यक्रम आणि मुक्कामांची यादी अर्जाबरोबर लागते. टप्पा ३ आधी केला असेल तर ती तयारच असते.

सावध: ई-व्हिसा मोबाइलवर इंटरनेट चालू ठेवून थेट दाखवावा लागतो. छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट धरत नाहीत. त्या वेळी फोन चार्ज आणि नेट चालू हवं. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती 'व्हिजिट जपान वेब' या संकेतस्थळावर निघण्याआधीच भरून ठेवा.

## टप्पा ५: रेल्वे आणि बॅगा

जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पास, डोळे झाकून घेऊ नका. सात दिवसांच्या साध्या पासची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. तोक्यो ते क्योतो बुलेट ट्रेनचं एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन. तोक्योहून ओसाकाकडे जाणाऱ्या या मार्गाला सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

तोक्योहून क्योतोकडे जाताना फुजी उजव्या हाताला दिसतो. साध्या डब्यात त्या बाजूला दोनच सीट असतात, डी आणि ई. जोडप्यानं त्याच घ्याव्यात. हाकोने करून पुढे जाणार असाल तर ओदावारा स्थानकातून गाडी पकडायची. तिथे सर्वांत वेगवान नोझोमी थांबत नाही. तिथे थांबणारी हिकारी किंवा सगळीकडे थांबणारी कोदामा बघा.

लग्नात मिळालेल्या मोठ्या बॅगा हा खरा त्रास. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग या मार्गाच्या बुलेट ट्रेनमध्ये न्यायची तर त्यासाठीची खास सीट आधी राखावी लागते. त्यापेक्षा हॉटेलच्या काउंटरवरून ताक्क्युबिन या कुरिअर सेवेनं बॅगा पुढच्या हॉटेलला पाठवा. तोक्योहून क्योतोला सहसा दुसऱ्या दिवशी पोहोचतात. हाकोनेला आणि कोयासानला फक्त पाठीवरची एका रात्रीची बॅग न्या. केबल कार आणि बसमध्ये चढताना याचा फायदा कळेल.

## टप्पा ६: घरून काय न्यायचं, काय नाही

न्या: कोरडा चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. मेतकूट-भात जपानी तांदळाबरोबर फार छान लागतो.

नेऊ नका: ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, कुठल्याही स्वरूपातलं मांस. आईनं प्रेमानं दिलेले आंबेही नाहीत. सर्दीच्या गोळ्यांवरचं लेबल वाचा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेली औषधं तिथे बंद आहेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही घरीच ठेवा. नेहमीच्या गोळ्या महिन्याभराच्या आत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

पायात सहज निघणारे बूट घाला आणि मोजे भोक नसलेले घ्या. दिवसातून कितीतरी वेळा बूट काढावे लागतात.

## टप्पा ७: रोजचं जेवण

रोज एकच जेवण ठरवून करा आणि दुसरं हाताशी येईल ते. दोन्ही ठरवलेली असली की दिवसभर घड्याळाकडे बघत फिरावं लागतं.

तोक्योत शाकाहारींनी पहिल्याच दिवशी तोक्यो स्थानकातल्या 'टीज् तानतान'मध्ये रामेन खावी. ती पूर्ण व्हीगन आहे. दुकान तिकिटाच्या गेटच्या आत आहे, म्हणून रेल्वेनं येता-जाताच जा. क्योतोत आराशियामाच्या तेन्र्यू-जी देवळातलं 'शिगेत्सु' शोजिन जेवण वाढतं. युदोफू, म्हणजे साध्या गरम पाण्यात कोम्बु टाकून उकळलेला तोफू, नान्झेन-जीच्या परिसरात मिळतो. सोबतच्या सॉसमध्ये दाशी आहे का ते विचारा. तेम्पुरा घेतलात तर सॉसऐवजी मीठ मागा: 'शिओ दे'. वांग्यावर गोड मिसो लावून भाजलेलं नासु देन्गाकु आपल्या जिभेला लगेच पटतं. ओकोनोमियाकी (जपानी धिरडं) मात्र फसवी: कोबीची दिसते, पण पिठात दाशी आणि वर माशाचा किस. घरचा स्वाद हवासा वाटलाच तर तोक्योतलं निशी-कासाई गाठा. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे आणि किराणाही मिळतो.

इझाकायात, म्हणजे जपानी दारू-जेवणाच्या ठिकाणी, बसल्याबरोबर न मागता एक छोटी वाटी येते. तिचे पैसे लागतात, ती ओतोशी. फसवणूक समजून वाद घालू नका. टीप कुठेही ठेवू नका. क्योतोच्या निशिकी बाजारात चालता चालता खाऊ नका, ज्या दुकानातून घेतलं त्याच्यापाशी उभं राहून संपवा.

सावध: नवी जोडपी एकमेकांना घास भरवतात. हातानं किंवा चमच्यानं खुशाल भरवा, पण एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये पदार्थ कधीही देऊ नका. दहनानंतर अस्थी अशाच उचलतात. भातात चॉपस्टिक उभ्या रोवणंही तसंच, ते मृतासाठी करतात.

## टप्पा ८: रिओकानची संध्याकाळ

हा क्रम ठेवला की संध्याकाळ निवांत जाते:

१. तीन-चारच्या दरम्यान पोहोचा. जेवण सहा-साडेसहाला, उशीर झाला तर ते तुमच्यासाठी थांबत नाही.

२. दारात बूट, आत सपाता, आणि तातामी चटईवर सपाताही नाहीत. संडासात वेगळ्या सपाता असतात. त्या तिथेच सोडून बाहेर या.

३. युकाता, म्हणजे रिओकानमध्ये मिळणारा सुती झगा, घाला. डावी बाजू उजव्यावर. उलट फक्त मृताला नेसवतात.

४. जेवणाआधी ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचं कुंड. स्त्री-पुरुषांची कुंडं वेगळी असतात आणि कपडे अजिबात घालत नाहीत. दोघांना एकत्र बसायचं तर 'काशिकिरी' म्हणजे खासगी कुंड तासावर घ्या, किंवा खोलीलाच कुंड असलेली खोली बुक करा. हनिमूनला यासाठी जरा जास्त पैसे गेले तरी जाऊ द्यात. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणानं पूर्ण अंघोळ, मग कुंड. केस वर बांधलेले, टॉवेल पाण्याबाहेर.

५. मग जेवण. एकामागून एक वाट्या येत राहतात आणि भात, मिसो सूप, लोणचं शेवटी. भाताची वाट बघत आधीचं गार होऊ देऊ नका.

नव्या नवरीसाठी दोन गोष्टी, ज्या प्रवास कंपन्या सहसा सांगत नाहीत. अनेक ओन्सेनमध्ये गोंदण चालत नाही, आणि ताजी मेंदी दुरून गोंदणासारखीच दिसते. आधी कळवा, किंवा खासगी कुंड घ्या. किनोसाकी ओन्सेन या गावाच्या सार्वजनिक स्नानगृहांत गोंदण असलेल्यांनाही प्रवेश आहे, हाही पर्याय. दुसरं, चांदी. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. जोडवी आणि पैंजण पाण्यात उतरण्याआधी काढून डबीत ठेवा. हाकोनेतल्या काही कुंडांचं पाणी गंधकाचं असतं.

## टप्पा ९: चहा, देऊळ, गल्ल्या

चहाविधीला जाताना अंगठ्या, घड्याळ आणि हातभर चुडा काढून ठेवा. वाडगा हाताळताना तो घासला जातो, आणि काही वाडगे फार जुने असतात. आधी मिठाई पूर्ण संपवा, मग चहा. वाडगा डाव्या तळव्यावर घेऊन उजव्या हातानं थोडा फिरवायचा, म्हणजे त्याची दर्शनी बाजू ओठांना लागत नाही. गुडघ्यांवर बसवत नसेल तर सांगा, मांडी घालून किंवा खुर्चीवर बसू देतात.

शिंतो देवस्थानात दोनदा वाकणं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकणं. बौद्ध देवळात टाळ्या नाहीत, फक्त हात जोडा. कमान कुठली आहे ते बघा: तोरी (दोन खांब आणि वर आडव्या तुळया) असेल तर शिंतो.

किमोनो भाड्यानं घेतलात तर सकाळीच घ्या. बहुतेक दुकानं संध्याकाळी पाच-साडेपाचला परत मागतात.

सावध: क्योतोतल्या गिओनच्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना मनाई आहे, फलकांवर १०,००० येन दंड लिहिलेला असतो. फोटोसाठी मैकोंच्या, म्हणजे शिकाऊ गेशांच्या, मागे धावू नका, वाट अडवू नका. त्या कामावर निघालेल्या असतात.

## टप्पा १०: परतीचा दिवस

क्योतोहून ओसाकाच्या कानसाई विमानतळाला हारुका गाडीनं सव्वा-दीड तास. मिसो, लोणची, सॉस हातातल्या बॅगेत ठेवू नका. सुरक्षा तपासणीत ते द्रवात धरतात. चेक-इनच्या बॅगेत टाका. तोक्योत घेतलेल्या सुइका या रेल्वेच्या प्रीपेड कार्डातले उरलेले पैसे ओसाका-क्योतोकडे परत मिळत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळीच कोन्बिनी दुकानात मोची (तांदळाची मिठाई) आणि माचाची (हिरव्या चहाच्या पुडीची) बिस्किटं घेऊन ते संपवा.